देवगडच्या पेट्यांसाठी देवनागरी स्टेन्सिल : कामाच्या नोंदी

७ जानेवारी २०२४

मामांच्या बागेतून दर हंगामात सुमारे ६०० लाकडी पेट्या वाशीच्या बाजारात जातात. प्रत्येक पेटीच्या आखूड बाजूवर 'देवगड हापूस' ही दोन ओळींतली अक्षरे, फळाची प्रत आणि डझनांचा आकडा ब्रशने काढण्याची त्यांच्याकडे पद्धत आहे. एका पेटीला सरासरी ४ मिनिटे लागतात, म्हणजे हंगामाला ४० तास केवळ अक्षरे काढण्यात जातात. शिवाय अक्षर काढणारा गडी बदलला की मार्काही बदलतो आणि वाशीचे दलाल फोन करून माल नक्की कोणाचा असे विचारतात. यंदा स्टेन्सिल, म्हणजे अक्षरांच्या आकाराच्या खाचा कापलेला पत्रा, करून द्यायचे मी कबूल केले आहे. अक्षराची उंची ४५ मि.मी. आणि रेघेची जाडी ७ मि.मी. धरली आहे. काम दोन रविवारांत आटोपेल असा आजचा अंदाज आहे. तो किती चुकला हे पुढे दिसेलच, म्हणून तो इथे लिहून ठेवतो.

१४ जानेवारी

पहिली चूक पैशांची झाली. संगणकातल्या एका ठळक फॉन्टमध्ये शब्द जुळवून ०.५ मि.मी. जाडीच्या स्टेनलेस स्टीलच्या पत्र्यावर लेझरने कापायला दिला. कारागिराने कापलेला पत्रा हातात दिला आणि सोबत कागदाच्या पुडीत तीन छोटे तुकडे दिले. ते व, प आणि स यांच्या पोटातले तुकडे होते. ज्या अक्षराचे पोट चहूबाजूंनी बंद आहे, त्याचा आतला तुकडा कशालाच जोडलेला नसल्याने गळून पडणार, हे कोणाही शाळकरी मुलाला कळले असते, पण पडद्यावर काळी अक्षरे पाहताना ते माझ्या ध्यानात आले नाही. त्यात उष्णतेने पातळ पत्र्याला पोकही आला होता. १,१५० रुपये वाया गेले.

हे काम करू पाहणाऱ्याने एवढे लक्षात ठेवावे, की नेहमीचा फॉन्ट स्टेन्सिलला चालत नाही. पोटातला तुकडा बाहेरच्या पत्र्याला धरून ठेवणारी जोडपट्टी प्रत्येक बंद पोटाला हवी आणि ती छापात कोरी फट होऊन दिसणार हे आधीच मान्य करायला हवे. ती फट कुठे ठेवायची, एवढाच खरा प्रश्न आहे.

२१ जानेवारी

या खेपेला पत्र्याच्या आधी ओएचपी शीटवर, म्हणजे प्रोजेक्टरच्या पारदर्शक प्लास्टिकवर, कटरने हातानेच कापून पाहिले. व, प, स यांच्या पोटात सुचेल तिथे ३ मि.मी. रुंदीच्या जोडपट्ट्या ठेवल्या. शिरोरेषा मात्र 'देवगड' या पूर्ण शब्दावर सलग ठेवली, कारण सलग शिरोरेषेशिवाय देवनागरी ती कसली, असे मला वाटत होते.

तुकडे गळाले नाहीत, पण नवाच दोष निघाला. शिरोरेषा सलग कापली की शीटला सुमारे १६० मि.मी. लांबीची आडवी खाच पडते आणि तिच्या खाली दोन अक्षरांच्या मधला प्रत्येक भाग फक्त खालच्या बाजूने जोडलेला उरतो. या जिभा मोकळ्या हलतात. ग च्या दोन पायांमधली जीभ तर ब्रश लागताच वर उचलली गेली आणि तिच्याखाली रंग शिरून ग चा गोळा झाला. लॅटिन लिपीत अक्षरे सुटी असल्यामुळे तिथल्या कारागिराला ही अडचण येत नाही. त्याला पोटातल्या तुकड्यांची काळजी असते, आपल्याला तुकड्यांची आणि जिभांची अशी दुहेरी काळजी करावी लागते.

२८ जानेवारी

कापणे थांबवून आठवडाभर वाचन केले. याचा उपयोग झाला आणि थोडा अपायही झाला.

मोठ्या अक्षरांचा मजकूर स्टेन्सिलने उतरवण्याची पद्धत फ्रान्समध्ये सतराव्या-अठराव्या शतकांत चर्चच्या गायनग्रंथांसाठी रूढ होती. एकाच घोडीवर ठेवलेला ग्रंथ भोवती उभ्या असलेल्या गायकांना दुरून वाचता यावा लागे, म्हणून अक्षर मोठे हवे. प्रती मात्र मोजक्याच लागत. तेवढ्यासाठी छपाईचे एवढे थोराड खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरे, ओतणे परवडणारे नव्हते, म्हणून एकेका अक्षराचा पत्रा घेऊन ओळ भरत जात. पॅरिसच्या विज्ञान अकादमीसाठी हस्तव्यवसायांची वर्णने लिहिणाऱ्या गिल फियो दे बिएत यांनी या पद्धतीचे तपशीलवार टिपण करून ठेवले आहे. पुढे १७८१ मध्ये बेंजामिन फ्रँकलिन यांनी पॅरिसच्या बेरी नावाच्या कारागिराकडून असा एक अक्षरसंच विकत घेतला आणि तो आज फिलाडेल्फियाच्या अमेरिकन फिलॉसॉफिकल सोसायटीत आहे. स्वतः मुद्रक असलेल्या माणसाला खिळे सोडून या पत्र्यांचा मोह पडावा, याची मला मोठी गंमत वाटली. इंग्लंडच्या रेडिंग विद्यापीठातले एरिक किंडेल यांनी या विषयाचा दीर्घ अभ्यास केला आहे. अक्षररचनाकार फ्रेड स्मायर्स यांच्यासह त्यांनी दे बिएत यांच्या वर्णनावरून ते पत्रे पुन्हा तयार करवून पाहिले. जुने वर्णन नुसते वाचून समजत नाही, ते हाताने करून पाहावे लागते, ही त्यांची रीत मला पटली.

अपाय झाला तो विसाव्या शतकाच्या वाचनाने. १९३७ मध्ये अमेरिकेत काही आठवड्यांच्या अंतराने दोन स्टेन्सिल टाइप, म्हणजे स्टेन्सिलच्या वळणाचे छपाईचे अक्षरसंच, बाजारात आले. त्यांपैकी लडलो कंपनीचा टाइप रॉबर्ट हंटर मिडलटन यांचा होता आणि अमेरिकन टाइप फाउंडर्सचा गेरी पॉवेल यांचा. खोक्यांवरच्या अक्षरांचा तो जाड, उभ्या फटींचा चेहरा आपल्याही डोळ्यांत इतका बसला आहे, की स्टेन्सिल म्हटले की तोच आठवतो. मी त्याचीच नक्कल केली आणि प्रत्येक अक्षराच्या मधोमध वरपासून खालपर्यंत एक उभी फट ठेवली. जिभा हलायच्या थांबल्या, पण वाचणे अशक्य झाले. व चे पोट मधोमध फुटले आणि डावीकडे एक चंद्रकोर तेवढी राहिली. ह चे दोन तुकडे झाले, ते एकमेकांचे वाटेनात. शेजारच्या दुकानदाराने 'देवगड' हा शब्द तीनदा पाहिला आणि 'गुजराती आहे का?' असे विचारले.

रोमन ओ मधोमध वर आणि खाली तोडतात, कारण त्या अक्षराची रेघ तिथेच सर्वांत बारीक असते. देवनागरीसाठी बोरूचा काप उलट दिशेने घेतात, त्यामुळे जाड आणि बारीक जागा बदलतात. परक्या अक्षराची फट आपल्या अक्षराच्या भर जाडीवर आणून ठेवली, तर दुसरे काय होणार?

४ फेब्रुवारी

या रविवारी कटर बाजूला ठेवून बोरूने तीच सात अक्षरे वहीत वीस-वीस वेळा काढली आणि हात कुठे उचलला जातो तिथे लाल खूण केली. व काढताना आधी गोल होतो, मग हात उचलून उभा दंड ओढला जातो. म्हणजे गोलाचे आणि दंडाचे सांधे ही मुळातच तुटण्याची जागा आहे.

त्याप्रमाणे व चा दंड पूर्ण ठेवला, गोलही पूर्ण ठेवला आणि दोहोंच्या मध्ये ३ मि.मी. रुंदीची उभी पट्टी शाबूत ठेवली. पोटातला तुकडा वर आणि खाली अशा दोन ठिकाणी धरला गेला, मुळीच हलला नाही आणि छाप दुरूनही व म्हणूनच वाचता आला. महिनाभरात मनासारखे उतरलेले हे पहिले अक्षर.

प आणि स यांच्यासाठी मात्र मी आखूड वाट काढली. त्यांची पोटे वरून शिरोरेषेनेच बंद झालेली असतात, तेव्हा पोटाच्या वरती शिरोरेषेतच एक फट ठेवली की काम भागते, असा हिशोब केला. हापूसपुरता तो जमलाही.

पट्टीच्या रुंदीबाबत तीन प्रयोग झाले. २ मि.मी. पट्टी ओएचपी शीटमध्ये दहाव्या-बाराव्या छापाला फाटली. ५ मि.मी. पट्टी मजबूत होती, पण २० फुटांवरून पाहता अक्षराचे दोन अवयव वेगळी अक्षरे वाटू लागले. ७ मि.मी. रेघेला ३ मि.मी. हे प्रमाण योग्य वाटले.

११ फेब्रुवारी

प्रतीचे शब्द कापले, 'मोठा' आणि 'मध्यम'. ओएचपी शीटवरचा छाप कागदावर घेऊन मामांना फोटो पाठवला. त्यांचे उत्तर एका ओळीचे आले : 'ह्या काय रे लिवलंस, भोठा?'

चूक उघड होती. म चे पोट सोडवण्यासाठी मी शिरोरेषेत डाव्या बाजूला फट ठेवली होती आणि म आणि भ यांच्यात फरक असतो तो नेमका त्याच फटीचा. घ आणि ध यांचेही तसेच आहे. लॅटिनमध्ये जोडपट्टीची फट हा केवळ कारागिरीचा अवशेष असतो, तिच्यामुळे एका अक्षराचे दुसरे होण्याची धास्ती क्वचितच. आपल्याकडे शिरोरेषेतली फट ही अक्षराची ओळख असू शकते, त्यामुळे ती सोयीपुरती कुठेही ठेवता येत नाही.

मग व ला लावलेला नियमच सगळ्यांना लावला. दंड नेहमी वेगळा ठेवायचा, शिरोरेषा दंडाच्या डावीकडच्या भागाबरोबर जाऊ द्यायची आणि दंडाच्या डाव्या अंगाने ३ मि.मी. रुंदीची पट्टी वरपासून खालपर्यंत सलग ठेवायची. म पुन्हा म झाला. प आणि स यांची पोटे आता दोन ठिकाणी धरली गेली. आणि ज्याची अपेक्षाच केली नव्हती ते असे झाले, की जिभांचाही प्रश्न सुटला, कारण ही प्रत्येक पट्टी खालचा पत्रा वरच्या पत्र्याला जोडते आणि सलग खाच कुठेच उरत नाही. गेल्या रविवारी व वर थांबून नीट विचार केला असता, तर मधल्या सहा शीट वाचल्या असत्या.

या नियमाने दंड नसलेल्या अक्षरांचे काही होत नाही. द, ड आणि ह शिरोरेषेला आखूड मानेने लटकतात. त्यांची पोटे उघडी असतात, पण आत शिरणारी जीभ अरुंद असते. ह ची जीभ तर जेमतेम ५ मि.मी. आहे. तिथे दुसऱ्या वळणावर एक जादा जोडपट्टी दिली. ती दिसायला बरी नाही.

१८ फेब्रुवारी

हा प्रयोग हौसेखातर केला, घाईत असलेल्याने ही नोंद सोडून पुढे जावे. जपानमध्ये कापड रंगवण्याच्या कागदी स्टेन्सिलना कातागामी म्हणतात. हातकागदाचे थर तेंदूवर्गी फळाच्या तुरट रसाने चिकटवून तो कागद तयार करतात आणि जिथे नक्षीतले तुकडे सुटे पडतात तिथे कागदाच्या दोन थरांमध्ये रेशमी धागे घालून ते धरून ठेवत. पुढे धाग्यांऐवजी रेशमी जाळीच वरून चिकटवू लागले. मिए प्रांतातल्या सुझुका शहराचा भाग असलेली शिरोको आणि जिके ही गावे या कामाची केंद्रे होती. धागा इतका बारीक की रंग त्याच्याखालून पसरतो आणि छापात जोडपट्टी दिसतच नाही.

जोडपट्टीच नको, ही कल्पना मोहक आहे. स्क्रीन प्रिंटिंगची नायलॉन जाळी आणून शीटच्या मागे रबरी गोंदाने चिकटवली आणि जोडपट्टीविना व कापला. पहिले चार छाप इतके देखणे आले, की मी आजवरचे सगळे काम रद्द करायला निघालो होतो. मग शीट टर्पेंटाइनने पुसले, गोंद विरघळला आणि पोटातला तुकडा फडक्याबरोबर निघून आला. दुसऱ्यांदा दोन भाग मिसळायचा इपॉक्सी गोंद वापरला. तो टिकला, पण घट्ट ऑइल पेंटने जाळीची छिद्रे आठ-दहा छापांनंतर बुजू लागली. कातागामीत जाळीतून जाते ती मऊ खळ असते, पेटीवरचा रंग नव्हे. ३१० रुपये आणि एक रविवार खर्च झाला.

२५ फेब्रुवारी

अंतिम पत्रे ०.३ मि.मी. पितळेचे करायचे ठरवले. जाड पत्रा कापायला जड जातो आणि त्याच्या काठाशी रंग साचतो, फार पातळ घेतला तर तो हाताळताना दुमडतो. छिन्नीने कापून पाहिले तेव्हा कड खाली वळली आणि पत्रा सपाट बसेना. शेवटी ओळखीच्या एका सोनारकाम करणाऱ्या कारागिराकडे बसून सोनारी करवत शिकलो. अक्षराच्या आत भोक पाडायचे, पाते त्यातून ओवून पुन्हा ताणायचे, करवत उभी धरायची आणि वळणावर हात न वळवता पत्रा फिरवायचा. दोन डझन पात्यांपैकी १९ तुटली, त्यांतली बहुतेक ह च्या वळणांवर. दोन शब्दांना ११ तास लागले. कडा बारीक कानशीने घासून वर पॉलिश पेपर फिरवला.

घरी जुन्या एक्स-रे फिल्म पडल्या होत्या. ब्लीचिंगच्या पाण्यात ठेवल्या की काळा थर सुटतो आणि टणक पारदर्शक फिल्म उरते. पुढच्या माणसाने चाचणीसाठी ओएचपीऐवजी हीच वापरावी. ती पुष्कळ जास्त टिकते आणि फुकट असते.

१० मार्च, देवगड

प्रत्यक्ष पेटीवर पहिला छाप अगदी वाईट आला. कागद आणि खडबडीत फळी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. रंग सवयीने टर्पेंटाइन घालून पातळ केला होता. तो लाकडाच्या रेषांमधून पत्र्याखाली पसरला आणि जोडपट्ट्यांच्या फटी बुजून गेल्या. दोन महिने ज्या फटींची जागा शोधली, त्याच नाहीशा झालेल्या पाहून मामांना मात्र बरे वाटले.

रंग डब्यातला तसाच घट्ट ठेवला, ब्रश टाकून स्पंजचा तुकडा घेतला, तो आधी रद्दीवर टिपून जवळजवळ कोरडा केला आणि न घासता उभा टेकवत गेलो. पेटीच्या त्या भागावर काचकागद एकदा फिरवून घेतला. यात २० सेकंद जातात, पण त्याला पर्याय नाही. दर पंधरा छापांनंतर पत्र्याची मागची बाजू पुसावी लागते.

दुसरी अडचण मोजमापाची होती आणि ती पूर्णपणे माझी चूक होती. पेटीची आखूड बाजू एकसंध नसून दोन आडव्या फळ्यांची असते आणि त्यांच्यामध्ये बोटभर फट असते. माझ्या पत्र्यावरच्या दुसऱ्या ओळीची शिरोरेषा बरोबर त्या फटीवर आली आणि हापूस हा शब्द डोक्याविना छापला गेला. पत्रा मधोमध कापून दोन ओळी वेगळ्या केल्या. योगायोगाने मात्रा फक्त 'देवगड'ला वर आहे आणि उकार फक्त 'हापूस'ला खाली आहे, त्यामुळे दोन्ही ओळी आपापल्या फळीत बसल्या. पेटी न मोजता पुण्यात बसून पत्रा कापू नये.

१७ मार्च

डझनांचे आकडे ४ ते ८, प्रत्येकाचा वेगळा पत्रा, म्हणजे फ्रेंच गायनग्रंथांच्या रीतीने एकेक अक्षर जागेवर बसवायचे. त्यात ओळ वाकडी जाण्याची भीती असते, म्हणून प्रत्येक पत्र्याच्या खालच्या कडेला मागे दुमडलेली एक पट्टी ठेवली. ती दोन फळ्यांमधल्या फटीत अडकते आणि आकडा आपोआप सरळ बसतो. गेल्या रविवारी ज्या फटीने घात केला, तिचा असा उपयोग झाला.

यावरून एक आठवले. इटलीवर राज्य करणारा ऑस्ट्रोगॉथ राजा थिओडोरिक, मृत्यू इ. स. ५२६, याच्याविषयी एका लॅटिन बखरीत असे लिहिले आहे, की त्याला लिहिता येत नसल्याने त्याने चार अक्षरे कोरलेला सोन्याचा पत्रा करवून घेतला होता आणि तो कागदावर ठेवून त्यातून लेखणी फिरवून तो मंजुरी देई. ही हकिगत खरी मानावी की नाही यावर इतिहासकारांत मतभेद आहेत. बागेतल्या ज्या गड्याला मामा आजवर ब्रश देत नसत, त्याने आज एकट्याने ३८ पेट्या छापल्या आणि त्यांतली एकही परत करावी लागली नाही.

२४ मार्च

शिमग्यासाठी गडी गावी गेले आहेत, काम बंद आहे. तेवढ्यात हिशोब मांडला. लेझरचे १,१५०, ओएचपी शीट १२०, पितळी पत्रा ९००, करवतीची पाती २४०, जाळी आणि गोंद ३१०, रंग व स्पंज ५६०, असे एकूण ३,२८० रुपये झाले. यांतले लेझरचे आणि जाळीचे १,४६० वजा केले, तर नव्याने करणाऱ्याचे काम १,८२० रुपयांत होईल. एका पेटीला आता १ मिनिट १० सेकंद लागतात. माझे मात्र आतापर्यंत ६० तासांहून अधिक गेले आहेत, तेव्हा या हंगामापुरता हा व्यवहार तोट्याचाच आहे.

जर्मनीतल्या बाउहाउस या कलाशाळेत जोसेफ आल्बर्स यांनी १९२० च्या दशकात चौरस, त्रिकोण आणि पाव वर्तुळ एवढ्याच आकारांतून स्टेन्सिल अक्षरे रचली होती. फट ही लपवण्याची गोष्ट न मानता तिच्यावरच अक्षर उभे करायचे, असा तो विचार आहे. आकड्यांवर मी तसे करून पाहिले. ४ आणि ८ चांगले जमले, ६ ची गाठ मात्र जमली नाही आणि पेटीवर तो ३ सारखा दिसू लागला. डझनांच्या आकड्यात असा घोळ चालणार नाही, म्हणून ६ जुन्याच पद्धतीने कापला.

३१ मार्च

४१० पेट्या झाल्या. देवगडच्या पत्र्याला काहीही झालेले नाही. हापूसच्या पत्र्यातली ह ची जीभ, जादा जोडपट्टी देऊनही, स्पंजच्या दाबाने वर वळली आहे आणि कालच्या छापांत तिथे रंग शिरला. तात्पुरती उपाययोजना म्हणून मागून पितळी तार आडवी ठेवून डाख दिला. तार छापात केसाएवढी दिसते, पण अक्षर स्वच्छ उतरते. कातागामीतला धागा शेवटी असा कामी आला. पुढच्या खेपेला ह ची मान रुंद करून त्याचे पोट मोकळे काढीन, आणि तो एकटा स्वतंत्र पत्र्यावर कापीन, म्हणजे बिघडला तर सगळा शब्द पुन्हा कापावा लागणार नाही.